प्लॅटिनमचं संयुग पाण्यात विरघळेना – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय प्लॅटिनमची कर्करोगविरोधी संयुगं. सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमच्या प्रचलित कर्करोग-औषधातले दोन्ही क्लोराइड तसेच ठेवून अमोनियाच्या जागी ॲरोमॅटिक अमाइन बसवलं. पावडर सुरेख पिवळी, एनएमआरही (रेणूची रचना तपासणारी चाचणी) स्वच्छ, पण पाण्यात टाकली की सरळ तळ गाठते. सिस्प्लॅटिनच मुळात मिलिलिटरला एक-दोन मिलिग्रॅम जेमतेम विरघळतं, माझं तर तेवढंही नाही.

शेवटी डीएमएसओ या गंधकयुक्त सेंद्रिय द्रावकात स्टॉक (दाट साठा-द्रावण) करून पेशींवर चाचणी घेतली. ताज्या स्टॉकने पेशी मरतात, तोच स्टॉक तीन दिवसांनी वापरला तर परिणाम निम्माही उरत नाही. पेशींचंच काहीतरी बिनसलंय म्हणावं, तर कंट्रोलचं (तुलनेसाठीचं) सिस्प्लॅटिनही तसंच ढेपाळलं. डीएमएसओचं गंधक प्लॅटिनमला चिकटून क्लोराइडला हुसकावतंय का? तसं असेल तर चार महिन्यांचे आकडे पाण्यात गेले. (या प्रकल्पात पाण्यात गेलेली तेवढीच एक गोष्ट.)

दुसरं, सर म्हणतात विद्राव्यता वाढव, विषारीपणा आपोआप उतरेल. दाखला कार्बोप्लॅटिन या सिस्प्लॅटिनच्या भावंड-औषधाचा: पाण्यात जास्त विरघळतं, मूत्रपिंडांना त्रास कमी. मला हे पटत नाही. तिथे क्लोराइडऐवजी डायकार्बोक्सिलेट (प्लॅटिनमला दोन टोकांनी धरणारा गट) आहे, ते फार सावकाश सुटतं, श्रेय त्याचं. शिवाय त्यात प्लेटलेट घसरतातच. मी चुकतेय का?

सध्या विचार असा: हायड्रोजन पेरॉक्साइडने प्लॅटिनमची ऑक्सिडीकरण अवस्था दोनवरून चारवर न्यायची, वर-खाली आलेल्या हायड्रॉक्सिलवर सक्सिनिक अनहायड्राइड लावायचं, म्हणजे टोकाला आम्लगट येईल. सोडियम क्षार पाण्यात जाईल, पेशीत क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) झालं की मूळ रेणू मोकळा. पण ऋणभारित रेणू पेशीत शिरेल का? कुणी करून पाहिलंय?

प्रतिसाद:
डीएमएसओबद्दलचा संशय बरोबर आहे, ते आकडे सोडून द्या. खात्री हवी तर जुन्या स्टॉकचा प्लॅटिनम-१९५ एनएमआर घ्या, सिग्नल हजारभर पीपीएम सरकलेला दिसेल. पुढचा स्टॉक डीएमएफ या गंधक नसलेल्या द्रावकात करा, सिस्प्लॅटिनचा ०.९ टक्के सलाईनमध्ये. क्लोराइड भरपूर असला की ते टिकतं. सरांशी वादात मी तुमच्या बाजूने. दोन्ही टोकांना सक्सिनेट लावलं तर शिरकाव खरंच मंदावतो. एकच लावा, दुसरीकडे हायड्रॉक्सिल राहू द्या. अमाइन कोणतं आहे? पिरिडीन असेल तर वलयावरच काहीतरी करता येईल.