मदत हवी आहे: मुरमाड टेकडीवरची रोपं मे महिन्यात मरतात, झुडपांच्या आडोशाला लावून जगतील का?

मुरूमवाला
नागपूरजवळ, हिंगण्याच्या बाजूला आमच्या गटाकडे ४ एकर उघडी टेकडी आहे. वर १०-१५ सेंमी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. चराई बंद आहे. सलग दोन पावसाळे आवळा, बेहडा, खैर आणि अंजन लावले, पण पुढच्या मे महिन्यात बहुतेक वाळले. जी काही उरली ती तरवड नि धायटीच्या बुडाशीच आहेत. उंच पर्वतांवरचे कुशन प्लांट (गादीसारखी दाट, बुटकी झाडं) इतर झाडांना आसरा देतात असं वाचलं. ते इथे लावता येतील का? की आहे तेच झुडूप वापरावं? टँकर परवडत नाही.

पानगळ
कुशन प्लांट विसरा. आल्प्स आणि आर्क्टिकमधली सायलेनी अकॉलिस, अँडीजमधली अझोरेला, ही थंडी नि वाऱ्याशी झगडणारी झाडं. फांद्या इतक्या दाट की वारा आत शिरत नाही, जुनी पानं आतच कुजतात आणि स्पंजासारखी ओल धरतात. इतर बियांना तिथे रुजायला जागा मिळते. नागपूरच्या ४५ अंशांत ती तगणार नाहीत.

तत्त्व मात्र उपयोगाचं आहे. बर्टनेस आणि कॅलवे या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मांडलं की परिस्थिती जितकी खडतर, तितकी शेजारच्या झाडाची स्पर्धा कमी नि मदत जास्त. २००२ मध्ये ११ पर्वतीय भागांत ते तपासलं गेलं: खालच्या उंचीवर शेजारी अडचण ठरला, वर आधार. पण डोळे मिटून मानू नका. लडाखमधल्या थायलॅकोस्पर्मम या कुशन प्लांटच्या गाद्यांवरचा २०११ चा अभ्यास उलटं सांगतो, तिथे गादीने इतर झाडांना मदत केली नाही. ती गादी दगडासारखी टणक असते, बी शिरणार कुठे? तेव्हा झुडूप निवडताना बुडाशी हात घालून बघा. पालापाचोळा साचलेला, माती भुसभुशीत आणि हात सहज आत गेला, तर ते कामाचं.

तरवड, धायटी, मुरुडशेंग चालतील. बोराटी नि करवंद सर्वांत बरी, कारण काट्यांमुळे शेळी आतल्या रोपापर्यंत सहज पोचत नाही.

तेंदूपत्ता
भाऊ, झुडूप तोडून खड्डा करू नका, तिथेच सगळं बिघडते. सावली जाते आणि तुटलेल्या बुंध्यातून पुष्कळ फुटवे येऊन तेच पाणी ओढतात.

आता दिशेचं. स्पेनच्या सिएरा नेवाडात झुडपांच्या आडोशाला रोपं लावण्याचे प्रयोग झाले आणि कोरड्या उन्हाळ्यात तिथली रोपं जास्त जगली. ते वाचून लोक इथेही उत्तरेकडची बाजू धरतात. पण ती जागा ३७ अंश अक्षांशावर, तिथे दुपारची सावली उत्तरेला पडते; आपण २१ वर. २६ मेच्या आसपास नागपुरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, उत्तरेला सावली पडतच नाही. रोप मारते ते दुपारी २ ते ५ चं पश्चिमेचं ऊन. म्हणून पूर्वेची किंवा ईशान्येची बाजू घ्या. बुंध्याला चिकटून नको, फांद्यांच्या टोकापासून आत साधारण एक वीत.

खड्डा ३० सेंमी लांब-रुंद पुरे, खोली मुरूम फुटेल तितकी. पहारीने तळ भेगाळून घ्या. झुडपाचं जाड मूळ लागलं तर ते कापू नका, जागा बदला. उताराच्या खालच्या अंगाला दगडांचा अर्धचंद्र, एक वीत उंच. काडीकचरा खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर वाळवी सालीवर चढते.

मुरूमवाला
रोपं की बी? आणि टेकडीच्या एका अंगाला घाणेरी माजली आहे, तिच्या आडोशाला लावलं तर?

पानगळ
अंजन आणि खैराचं बीच टोका. पिशवीतल्या अंजनाचं मुख्य मूळ तळाशी गुंडाळलं जातं आणि मुरमात पुन्हा सरळ होत नाही. तुमची रोपं मरण्याचं एक कारण तेही असेल. मोह लावणार असाल तर बी साठवू नका, गोळा केल्यावर लगेच पेरा. एका जागी तीन बिया, दोन सेंमी खोल, वर बोराटीची एक काटेरी फांदी. साळिंदर आणि उंदीर बी उकरतात.

घाणेरीचा आडोसा नको. तिची जाळी इतकी गच्च होते की आत उजेडच पोचत नाही, शिवाय आग लागली की सगळंच जातं. मूळ जमिनीखाली ३-५ सेंमीवर तोडून झुडूप उलटं टाका, म्हणजे पुन्हा फुटत नाही. पण सगळी घाणेरी एकदम काढली तर मोकळ्या जागेत रानतुळशीचं तण येते. पट्टे पाडून काढा आणि त्याच पावसात तिथे मारवेल किंवा पवन्या गवताचं बी फेका.

तेंदूपत्ता
लागवड दोन दमदार पावसांनंतर, जुलैच्या मध्यापर्यंत. ऑगस्टअखेर लावलेल्याचं मूळ मुरमात उतरायच्या आत ओल संपते. पहिल्या पावसाळ्यात रोपाभोवती हातभर गवत दोनदा काढा. कुसळी गवत वरच्या थराचं पाणी आधी पिते. झुडूप मदत करते नि गवत मारते, हा फरक इथेच. जानेवारीत भोवताली जाळरेषा काढायला विसरू नका, आग फेब्रुवारीपासूनच लागते.

रोप झुडपाच्या वर डोकावू लागलं की नातं बदलते. मग पूर्वेकडच्या फांद्या छाटा, पश्चिमेच्या शेवटी.

पानगळ
सगळी टेकडी एकदम नको. २० जोड्या करा: एक जागा झुडपाखाली, दुसरी दोन मीटरवर उघड्यावर, त्याच जातीची, त्याच दिवशी. मोजणी १५ नोव्हेंबरला आणि पुन्हा १५ जूनला. नोव्हेंबरात दोन्हीकडे सारखंच दिसेल, गडबडू नका, खरा निकाल जूनचाच. खुणेच्या प्लास्टिक चिठ्ठ्या उन्हात तडकतात. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्याने नंबर कोरा आणि तार रोपाला न बांधता झुडपाच्या फांदीला सैल बांधा.