बेस हलवायचा का? (रिमवर्ल्ड, चौथं वर्ष, बोरियल फॉरेस्ट म्हणजे थंड जंगल)

मफेलोवाला:
मंडळी, सल्ला पाहिजे. रिमवर्ल्डमधे (परग्रहावर वसाहत चालवायचा कॉम्प्युटर गेम) चौथं वर्ष चालूय, घटना ठरवणारा रँडी रँडम (कधी काय आणेल नेम नाही), अवघडपणा स्ट्राइव्ह टु सर्व्हाइव्ह, ९ कॉलनिस्ट (वसाहतीतली माणसं), ६ मफेलो (ओझ्याची जनावरं) आणि एक म्हातारा कुत्रा. पहिल्या दिवशी आकाशातून माणसांचे पॉड जिथं पडले तिथंच लाकडाची एक खोली मारली आणि मग एकाला एक लावत गेलो, आता बेस आमच्या गावच्या घरासारखा झालाय, स्वयंपाकघरातून माजघर, माजघरातून गोठा, आणि सगळ्यांची वाट दवाखान्यातून. मॅपच्या बरोब्बर मध्यात. चारी बाजू उघड्या, रेड (दरोडेखोरांची धाड) कुठूनही घुसते. वर्षाच्या ६० दिवसांतले २० दिवस पीक मिळतं, भात कसाबसा तीनदा निघतो, मका एकदा हौसेनं लावला तर कापणीच्या आदल्या दिवशी गारठून गेला सगळा.

आता दक्षिणेला १४ टाईलवर (जगाच्या नकाशावरची घरं) एक डोंगराळ टाईल बघून ठेवलीय. नदी आहे, ग्रॅनाइट आणि संगमरवर आहे, पीक ४० दिवस. कॅराव्हॅनला (माणसं-जनावरांच्या तांड्याला) चार दिवस दाखवतोय. बायको म्हणते नवीन गेम चालू कर. ते नको आहे, या लोकांत जीव अडकलाय. हलवू का नको?

खोलीचा_कोपरा:
नको. सरळ नको. हिवाळ्यावर उपाय घरातच आहे, भिंती घाल, छप्पर घाल, सनलॅम्प (पिकाला उन्हासारखा उजेड देणारा दिवा) लाव, हीटर लाव, मातीतच भात लाव. सामान उचलून चार दिवस बर्फातून चालत जायचं, का तर मका आला नाही म्हणून? मुहम्मद तुघलकानं १३२७ ला दिल्लीची माणसं दौलताबादला हाकलत नेली आणि काही वर्षांनी परत आणली, तसं होणारे तुझं.

दगडफोड्या:
आला तुघलक! बेस हलवायचं म्हटलं की दुसऱ्या मिनिटाला तुघलक येतोच. महाराजांनी पण राजधानी राजगडावरून रायगडावर नेली, त्याला कोणी तुघलकी म्हणत नाही.

हलव रे. मी २०१८ ला १.० आलं तेव्हापासून खेळतोय आणि माझे जे बेस मेले ते सगळे उघड्यावरचे होते. डोंगरात एक तोंड ठेवायचं, तिथं किलबॉक्स (शत्रूला गाठून मारायचा सापळा), विषय संपला. डोक्यावर जाड डोंगराचं छप्पर असलं की शत्रूचे ड्रॉप पॉड आकाशातून घरात पडत नाहीत आणि मॉर्टरचा गोळाही आत येत नाही.

खोलीचा_कोपरा:
आणि किडे? जाड छपराखालीच इन्फेस्टेशन (किड्यांचा हल्ला) येतं हे सांगायचं राहिलं वाटतं. मध्यरात्री बेडरूमच्या मधोमध जमीन फुटून मेगास्पायडर निघतात तेव्हा तो किलबॉक्स बाहेर दारात बसून काय करतो ते सांग.

दगडफोड्या:
उणे १७ च्या खालच्या थंडीत किडे उगवत नाहीत. लोक झोपतात-जेवतात त्या खोल्या डोंगराच्या कडेला पातळ छपराखाली ठेवायच्या, खोल आत फक्त फ्रीझर. हे जमत नसेल तर उघड्यावरही जमणार नाही काही.

रात्रपाळी:
तुम्ही दोघं भांडा, मी जरा हिशेब करते. मफेलोदादा, तुमच्याकडे स्टील किती आहे?

मफेलोवाला:
४००० च्या आसपास. लई दिवस साठवलंय ताई.

रात्रपाळी:
तरी वाटलंच. स्टीलचा एक नग अर्धा किलो, म्हणजे ४००० चे झाले २००० किलो. एक मोठा मफेलो साडेत्र्याहत्तर किलो उचलतो, सहा मफेलोंचे ४४१. माणूस ३५ किलो, नऊ जणांचे ३१५. एकूण ७५६, आणि त्यातून अंगावरची चिलखतं, बंदुका वजा करा, हातात सहाशे-साडेसहाशे राहतात. त्यात वाटेतलं खाणं, औषधं, अंथरुणं. नुसतं स्टील न्यायचं म्हटलं तरी २८ मफेलो लागतील. स्टील विसरा. डोंगरात खणलं की स्टील मिळतंच. न्यायचं काय तर कंपोनंट (यंत्रांचे सुटे भाग), प्लास्टील (भारीतला धातू), औषधं, चांगल्या बंदुका, आणि कोणी मास्टरवर्क (उत्तम दर्जाची) खाट केली असेल तर ती अनइन्स्टॉल करून. भिंती पाडून फार काही हाती लागत नाही, निम्मं सामान परत मिळतं, ते पण परत वजनच.

आणि जेवणाच्या थाळ्या भरून निघू नका, साधं जेवण फ्रीझरबाहेर चार दिवसांत नासतं. पेमिकन (प्रवासाचं टिकाऊ खाणं) करा, ते ७० दिवस टिकतं. मी एकदा थाळ्या नेल्या होत्या, पाचव्या दिवशी माझी बेस्ट डॉक्टर भुकेनं पिसाळून वाटेतच भांडायला लागली.

अर्धाकप:
ओडिसी (गेमचा विकतचा विस्तार) घ्या की राव. जुलै २०२५ ला आलंय, ग्रॅव्हशिप बांधायची, अख्खा बेस उडवत न्यायचा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. चर्चाच नको.

मफेलोवाला:
पैसे देऊन घ्यायचं ते. आणि चालू सेव्हमधे उगाच काही नवीन घुसवायला भीती वाटते मला.

खोलीचा_कोपरा:
ताईंच्या हिशेबानं माझंच म्हणणं सिद्ध झालं. चार वर्षांत जमवलेल्यातलं पाव पण नेता येत नाही. ४००० स्टील हाताशी आहे त्यात तो जागेवर राहून काय काय करू शकतो बघा. गीझरवर (जमिनीतून वाफ येते तिथं) बसणाऱ्या जिओथर्मल जनरेटरला ३४० स्टील आणि ८ कंपोनंट लागतात, ३६०० वॅट देतो, ना ऊन लागत ना वारा. तुझ्या मॅपवर गीझर असेलच की एखादा?

मफेलोवाला:
आहे, ईशान्य कोपऱ्यात, बेसपासून लांब. वायर ओढली होती एकदा, दर रेडला येता-जाता पेटवून जातात.

दगडफोड्या:
घ्या! आणि मिळाली वीज तरी पुरते कुठं, एक सनलॅम्प २९०० खातो. भोवती हायड्रोपोनिक्सच्या (मातीविना, विजेवर पीक घ्यायच्या) २४ कुंड्या लावल्या तर ७० प्रमाणे अजून १६८०. झाले ४५८०, म्हणजे एका जिओथर्मलवर एक खोली पण चालत नाही. वर सोलर फ्लेअर आला की वीज बंद, कुंड्यातलं पीक डोळ्यादेखत मरतं.

खोलीचा_कोपरा:
म्हणून तर मातीत लाव म्हटलं, कुंड्यांचं नाव मी काढलंच नव्हतं. वाचत जा जरा. आणि नवीन टाईलवर गीझर आहे का हे तरी माहितीये कोणाला? जगाच्या नकाशावर नदी दिसते, दगड दिसतो, पिकाचे दिवस दिसतात. गीझर उतरल्यावरच कळतो. सुपीक माती कुठं आहे ते पण तेव्हाच.

रात्रपाळी:
हे मात्र खरंय. पण एक गोष्ट तुम्ही दोघं विसरताय, रेड किती मोठी येणार ते संपत्तीवर ठरतं. सामान पूर्ण मोजलं जातं, बांधकाम निम्मं. दादांचं ते ४००० स्टील नुसतं शेल्फात पडून दरोडेखोरांना आवतण देतंय. सोडून गेले तर संपत्ती पडेल, रेड लहान येतील, वर्षभर तरी श्वास घ्यायला मिळेल.

खोलीचा_कोपरा:
माणसं पण मोजली जातात ताई, माणसं नऊच राहणार. रेड लहान होईल पण तुम्ही त्याहून लहान झालेले असणार, ना भिंत, ना टरेट (आपोआप चालणारी बंदूक), जमिनीवर अंथरुणं. माझे दोन गेम याच पहिल्या पंधरवड्यात संपलेत.

दगडफोड्या:
मग आधी तीन जण पाठव ना पुढं. सेटिंगमधे कॉलनी एकच असते, ती दोन कर, तिकडं खोदाई चालू, इकडं शेवटचं पीक कापून बाकीचे मागून. एकच ठेवलीस तर जुनी सोडल्याशिवाय नवी वसवता येत नाही, आणि सोडली की तो मॅप कायमचा गेला.

खोलीचा_कोपरा:
तिघं तिकडं, सहा इकडं आणि रेड नेमकी कुठं? रँडी आहे साहेब, ती निवांत फीबी नाही. पण हो, जायचंच असेल तर असंच जा, हे मान्य. माझ्या लॅपटॉपचा पंखा मात्र दोन मॅपला रडतो.

मफेलोवाला:
ठरलं. तिघं कालच निघाले, पोचले. गीझर दोन आहेत!! एक तर डोंगराच्या पोटातच. उत्तरेचं तोंड अरुंद आहे. सुपीक माती नदीच्या पलीकडं आहे, पूल टाकावा लागेल, कोपरेसाहेब तुम्ही म्हणालात तेच. स्टील इकडंच सोडतोय, ३०० घेतलं फक्त, हातकामाला.

आता एकच अडलंय. दुसऱ्या वर्षी बंडूमामा गेले. माझ्या खऱ्या मामाचं नाव दिलं होतं, पिसाळलेल्या खारींनी मारलं, खरा मामा अजून यावरून शिव्या घालतो. त्यांच्यासाठी ग्रॅनाइटची शवपेटी केलीये जेवणघराच्या मागं, पेटी काही उचलत नाही.

अर्धाकप:
पेटी राहू दे, मामा उचल. कॅराव्हॅनमधे प्रेत भरता येतं.

खोलीचा_कोपरा:
६० किलो आहे ते! एक मफेलो जवळजवळ अख्खा. त्याऐवजी औषधं ने, अक्कल कुठं गेली.

रात्रपाळी:
६० किलो म्हणजे स्टीलचे १२० नग. ३०० घेतलेत ना?

मफेलोवाला:
आता १८० घेतलेत.

दगडफोड्या:
पेटी तिकडं नवीन करावी लागेल, त्या आतल्या गीझरपासून लांब ठेव, तिथं जनरेटर बसणारे.