‘झटका’ की ‘फेक’? टेबल सॉवरचे शब्द

(टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं करवत यंत्र. बोलणाऱ्यांना इथं त्यांच्या गावाचं नाव दिलंय.)

येळ्ळूर : किकबॅकला, म्हणजे लाकूड उलटं चालवणाऱ्याकडे उडतं त्याला, आपल्याकडे सगळे ‘झटका’ म्हणतात. नवा पोरगा झटका म्हटलं की करंट समजतो, अर्थिंगची वायर बघतो आणि उभारतो तिथंच, पात्याच्या रेषेत. दुसरा शब्द आहे का?

खानापूर : ‘फेक’. ‘मशीन लाकूड फेकतंय’ असं बोलतोच की आपण. पात्याचे पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, मागचे दात वर येत असतात. चिरलेली फट मागे मिटली, किंवा लाकूड फेन्स (बाजूची सरळ आधारपट्टी) सोडून मागच्या दातांवर टेकलं, की ते उचलून चालवणाऱ्याकडे येतं. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेऱ्या घेत असेल तर दाताचा वेग सेकंदाला ५३ मीटर. हात मागे घ्यायला सवड कुठली?

चिकोडी : ‘फेक’ चालेल. पण ‘मागे’ या शब्दाचाही घोटाळा आहे. कानडी पोराला ‘हिंद निल्लब्याड’ (मागे उभारू नको) म्हटलं तर तो मशीनच्या पलीकडची बाजू समजतो. धोका अलीकडे, लाकूड ढकलणाऱ्याच्या बाजूला. ‘पात्याच्या रेषेत उभारू नको’ म्हणावं. फेन्स उजवीकडे असेल तर माणूस रेषेच्या डावीकडे.

शहापूर : पात्यामागं फटीत राहणाऱ्या पट्टीला, रायव्हिंग नाइफला, काय म्हणायचं? ‘चाकू’ म्हटलं तर कुणीतरी धार लावून ठेवेल.

निपाणी : पाचर. हातकरवतीनं ओंडका चिरताना फट मिटू नये म्हणून पाचर मारतात, तेच काम.

खानापूर : अर्धंच पटलं. पाचर फट रुंद करते. हिनं रुंद करायची नाही, फक्त मिटू द्यायची नाही. म्हणून जाडीचा हिशेब लागतो: पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, दातांनी पडणाऱ्या चिरेपेक्षा पातळ. पात्यावर २.८/१.८ छापलेलं असतं. २.८ मिमी चीर, १.८ पत्रा. तिथं २.२ ची पट्टी बसेल. ३ ची घातली तर लाकूड अर्ध्यात अडकतं, मग लोक ती काढूनच टाकतात. तिथून पुढं फेक आलीच. दातांपासून अंतर ३ ते ८ मिमी.

निपाणी : मग ‘चीरपट्टी’ म्हणू. फट उघडी ठेवणारा स्प्लिटर वेगळा बरं का, तो जागेवर घट्ट असतो. चीरपट्टी पात्याबरोबर वर-खाली होते, म्हणून पातं खाली घेतलं तरी अंतर तेवढंच राहतं.

येळ्ळूर : ‘चीर’ शब्द कर्फसाठी, म्हणजे दातांनी पडणाऱ्या फटीसाठी, पक्का का?

निपाणी : पक्का. ३०० मिमीच्या फळीच्या चार सारख्या पट्ट्या काढताना तीन चिरा जातात. चीर ३ मिमी धरली तर ९ मिमी भुसा, पट्टी ७२.७५ ची. ७५ लिहून देणारे अजून भेटतात.

चिकोडी : ‘चिरणं’ आणि ‘कापणं’ यांतला फरकही धरा. लाकडातल्या रेषांच्या बाजूनं उभं घेतलं ते चिरणं, रेषांना आडवं ते कापणं. चिरताना फेन्स, कापताना माइटर गेज (टेबलाच्या खाचेत सरकणारा आडवा आधार). आरपार कापताना दोन्ही एकदम लावले की सुटलेला तुकडा फेन्स आणि पात्यात तिरका होऊन अडकतो. ‘कापून दे’ असं मोघम सांगितलं की हीच चूक होते. सागवान काय, फणस काय, आत ताण असलेली फळी चिरताना फट मिटते, तिला चीरपट्टी हवीच.

शहापूर : फेन्सला ‘कुंपण’ कुणी म्हणू नये एवढीच विनंती. ‘गाइड’ म्हटलं तर पोरं माइटर गेज उचलतात, तेव्हा ‘फेन्स’च राहू दे. पुश स्टिकला?

येळ्ळूर : ढकलकाठी. फेन्स आणि पात्यात १५० मिमीपेक्षा कमी जागा असेल तर बोटं नाही, काठी. टोकाला खाच हवी, नाहीतर लाकडावरून घसरते. आणि पात्याची उंची लाकडाच्या वर ५-६ मिमी, जास्त नको.

खानापूर : काठी प्लायची करा. लोखंडी सळी दाताला लागली तर दाताच्या कडक कार्बाइड टोकाचा तुकडा उडतो.