फॉस्टरला (तात्पुरता सांभाळायला) आणलेला लॅब्रॅडॉर कुत्रा रोज संध्याकाळी दाराशी जाऊन बसतो, काय करू?

शेवंती
मंडळी, मदत हवीय. मागच्या रविवारपासून आमच्याकडे एक लॅब आलाय, ६ वर्षांचा, नाव ब्रूनो (दर तिसऱ्या लॅबचं असतं तेच). त्याच्या घरचे महिनाअखेरीस कॅनडाला चाललेत, नेणं जमणार नाही म्हणे. ओळखीतल्या एक ताई अशा कुत्र्यांना घरं बघून देतात, त्यांनी विचारलं आणि मी नवीन घर मिळेपर्यंत ठेवते म्हणून बसले, नवऱ्याला नंतर सांगितलं, असो. पहिले दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आता दहीभात चाटूनपुसून खातो. हाक मारली तर ढिम्म, मला वाटलं बहिरा आहे की काय, पण फ्रीज उघडला की आतल्या खोलीतून हजर. खरा प्रॉब्लेम संध्याकाळचा. साडेसात वाजले की दाराशी जाऊन बसतो, लिफ्ट वाजली की शेपटी हलते, कोणी आलं नाही की डोकं परत खाली, हे साडेनऊपर्यंत. आता त्याच्या आधीच्या घरच्या बाई विचारताहेत एकदा भेटायला येऊ का, नाहीतर रोज व्हिडिओ कॉल तरी लावून द्या. मला नाही म्हणवत नाहीये. आणि सेक्रेटरी काकांचं 'भाडेकरूंना कुत्रा अलाउड नाही' सुरू झालंय ते वेगळंच.

खारूताई
भेट आत्ता नको गं. त्या येणार, रडणार, आणि परत त्याला सोडून जाणार, म्हणजे त्याचं सगळं पहिल्यापासून. व्हिडिओ कॉलचं तर आम्ही करून बसलोय, आवाज येतो पण वास नाही, आमची पाहुणी सोफ्यामागे शोधत फिरली रात्रभर. त्यापेक्षा त्यांच्याकडून न धुतलेली चादर मागव, लसीचं पुस्तक माग, आणि घरात त्याला काय म्हणून हाक मारायचे ते विचार, कागदावरचं नाव वेगळं असतं बऱ्याचदा. साडेसातच्या आधीच फिरायला काढ. पट्टा दोन ठिकाणी अडकव, एक कॉलरला एक हार्नेसला, पहिल्या काही दिवसांत हेच कुत्रे सुटून जुन्या घराच्या दिशेने पळतात.

घाटावरचा
वजन केलंत का? नर लॅब साधारण २९ ते ३६ किलोत हवा, आपल्याकडचे पोळ्या खाऊन ४५ला पोचलेले असतात. दोन दिवस खाल्लं नाही ते नुसतं दुःखच असेल असं धरून चालू नका, गोचिडतापातही कुत्रा असाच मलूल होतो, एकदा रक्त तपासून प्लेटलेट बघून घ्या. आणि घरातली क्रोसिन वगैरे चुकूनही देऊ नका.
सोसायटीचं म्हणाल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५चं पत्रक आहे, पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. काकांना प्रिंट द्या. पण घरमालकाला आधी विचारा, ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय ते काकांपेक्षा महत्त्वाचं.

तिखटमीठ
नेणं जमणार नाही म्हणजे काय? रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट असलं की स्वतःचा कुत्रा कॅनडात नेता येतो, खर्च येतो तो विमानाचा. फ्रीज-टीव्ही विकतात तसं कुत्र्याचं. अशांवर केस टाकायला पाहिजे.

खारूताई
तिखटमीठ, राग कळतो, पण १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे तो प्राण्याला उपाशी-तहानलेलं बेवारस सोडण्याचा, आणि पहिल्यांदा दंड किती, तर १० ते ५० रुपये. यांनी निदान हायवेला नाही सोडला. शिवाय आत्ता त्यांना शिव्या घातल्या तर शेवंतीला ते पुस्तक आणि चादर कोण देणार?
शेवंती, 'तो आता आमचा नाही' असं त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घे मात्र, सहा महिन्यांनी 'आम्हाला परत हवाय' म्हणणारे पण बघितलेत.

शेवंती
अपडेट. वजन ४१, रक्त नॉर्मल. घरमालक हो म्हणाले, काका प्रिंट घेऊन गेलेत, अजून आवाज नाही. बाईंना भेट आत्ता नको म्हणून सांगितलं, फोनवर दोघी रडलो. चादर आली, लिहून पण दिलंय.
काल साडेसातला चादर ओढत दाराशी नेली आणि तिच्यावर झोपला, आठलाच घोरत होता.
आणि नाव ब्रूनो फक्त लसीच्या पुस्तकात! घरी सगळे पिंट्या म्हणायचे. मी स्वयंपाकघरातून सहज 'पिंट्या' म्हटलं तर ४१ किलो धावत येऊन ओट्यावरच आदळले. नवरा म्हणतो नवीन घर जरा सावकाश शोधूया.