कॉकटिएल कणीस खातो, पण बोटावर येत नाही

हिरवीफांदी:
कॉकटिएल (तुरा असलेला छोटा पोपट) साधारण 5 महिन्यांचा, घरी येऊन 4 आठवडे झालेत. हाताने भरवून वाढवलेला नाही. जाळीतून राळ्याचं कणीस बिनधास्त खातो, पण दार उघडून हात आत घातला की तुरा मागे चिकटवून फुसफुसतो. बोट आणखी जवळ नेलं की चावतो. हात तसाच धरून ठेवावा का? टॉवेलमध्ये धरून सवय लावा, उडू नये म्हणून पंखांची पिसं कापा, असंही सुचवलं जातं.

तुरेवाला:
टॉवेल औषध पाजायला ठेवा, मैत्रीला नको. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं, छाती पुढेमागे हलली तरच श्वास चालतो. घट्ट धरलं तर जीवच गुदमरतो, आणि हात म्हणजे संकट हे पक्कं होतं.

फुसफुसण्यापर्यंत वेळ येऊच देऊ नका, सगळी गोम तिथे आहे. फुसफुसल्यावर हात मागे घेतला तर पुढच्या वेळी तो आधीच फुसफुसेल. न घेता रेटलात तर फुसफुसून उपयोग नाही हे कळून थेट चावेल. म्हणून हात हळू पुढे न्या आणि तुरा पहिल्यांदा ताठ होतो ती जागा लक्षात ठेवा. त्याच्या वीतभर अलीकडे थांबा. त्याने अंग झटकलं, पिसं साफ करायला घेतली किंवा खायला लागला की मगच हात काढा. हात दूर जाणं हेही त्याच्यासाठी बक्षीसच आहे, ते शांत राहिल्याबद्दल मिळू द्या. चुकून फुसफुसलाच तर तिथेच स्थिर थांबा, जरा सैलावला की काढा, आणि पुढची खेप आणखी लांबून सुरू करा.

कणीस पिंजऱ्यात टांगलेलं असेल तर आजच काढा. ते फक्त हातातून मिळायला हवं. सुरुवातीला 15 सेंमीचा तुकडा, मग रोज थोडा आखूड, शेवटी 2-3 सेंमी. एका वेळी 5-7 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, पुरे. भूक लागावी म्हणून रोजचं खाणं मात्र बंद करू नका. रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन घेता आलं तर उत्तम (दांडी काट्यावर ठेवली की तो आपणहून चढतो, पण ते पुढे). नेहमीच्या वजनात 10 टक्के घट झाली तर तालीम थांबवून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

दांडीपलीकडे:
वरचं सगळं पटलं, एक सोडून. हे पिंजऱ्याच्या आत करू नका. पिंजरा ही त्याची हद्द, तिथे माणसाळलेला पक्षीही चावतो. खिडक्यांना पडदे, पंखा बंद, आरसे झाकलेले अशा लहान खोलीत दार उघडा आणि दाराबाहेरच्या दांडीवर शिकवा.

बोट पायांच्या किंचित वर, पोटाला टेकेल असं आडवं धरा आणि कणीस बोटाच्या पलीकडे. तो आधी बोट चोचीने चाचपेल. ते चावणं नाही, फांदी भार पेलेल का हे बघणं आहे. तेव्हाच बोट दचकून मागे गेलं तर फांदी कच्ची ठरली, मग आठवडाभर पुन्हा मागे.

शीळ_दुपारची:
पंख कापल्याने भीती जात नाही, पळण्याची वाट बंद होते, आणि मग उरते चोच. शिवाय लहान पक्षी आपटून छातीचं हाड दुखावतो.

खोलीबाहेर गेल्यावर तो साद घालेल. प्रत्येक वेळी एकाच छोट्या शिळेने उत्तर द्या, किंचाळायची गरज पडत नाही. पिंजऱ्यातला आरसा काढा, नाहीतर तो त्याच्याच प्रेमात पडेल.

डोकं खाजवणं अगदी शेवटी, त्याने मान झुकवून पिसं फुलवली तरच. गाल आणि कानाभोवती, पिसांच्या उलट दिशेने, हलकेच. नवीन पिसांची टोचरी कोंबं दाबली तर दुखतात, तिथे रागावणं रास्त आहे. पाठ आणि पंखांखाली हात नको. त्याला तो जोडीदाराचा इशारा वाटतो, आणि मादी असेल तर अंडी घालायला लागते.

हिरवीफांदी:
बाहेर करून पाहिलं. एक पाय बोटावर ठेवतो, दुसरा उचलायच्या आत परततो.

दांडीपलीकडे:
कणीस जरा लांब पडतंय. 1 सेंमी जवळ घ्या आणि दोन-तीन दिवस एक पाय बोटावर ठेवला तरी दाणे द्या. दुसरा पाय उचलावा म्हणून बोट वर ढकलू नका.