लोटस नोट्समधील कॉन्फ्लिक्ट: उपाय की स्थलांतर?

प्रश्न: आमच्या ग्राहक-तक्रारींची नोंद अजूनही लोटस नोट्स या (कार्यालयीन नोंदी व ईमेल सांभाळणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये होते. दोन शाखांनी एकच नोंद बदलली, की रेप्लिकेशननंतर (शाखांतील प्रतींचा मेळ घातल्यावर) 'कॉन्फ्लिक्ट' दस्तऐवज, म्हणजे त्याच नोंदीची दुसरी, न जुळणारी प्रत, तयार होतो. यावर उपाय आहे, की सर्व माहिती एसक्यूएल (तक्त्यांच्या स्वरूपातील) डेटाबेसमध्ये हलवावी?

उत्तर १: फॉर्मच्या (नोंद भरण्याच्या साच्याच्या) गुणधर्मांत 'मर्ज कॉन्फ्लिक्ट्स' निवडावे. दोघांनी वेगवेगळी फील्ड (नोंदीतील रकाने) बदलली असल्यास बदल आपोआप एकत्र होतात; तेच फील्ड बदलले असल्यास मात्र कॉन्फ्लिक्ट उरतोच.

उत्तर २: स्थलांतराची घाई नको. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या नोट्सची रचनाच अशी आहे, की प्रत्येक कार्यालयाने आपल्या प्रतीवर काम करावे आणि जोडणी मिळताच प्रतींचा मेळ बसावा. शिवाय कोणता दस्तऐवज कोणाला दिसावा हे त्यातील 'रीडर्स' फील्डच ठरवते; ती व्यवस्था एसक्यूएलमध्ये नव्याने बांधावी लागते आणि अंदाजपत्रकात नेमका हाच खर्च (माझ्या मते सर्वांत मोठा) धरलेला नसतो. आयबीएमकडून २०१९ मध्ये हे उत्पादन एचसीएलकडे गेले असून त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. 'स्थिती' हे फील्ड दोन्ही शाखा बदलतात, त्यामुळे तिथे मर्ज पुरणार नाही.

उत्तर १: मग डॉक्युमेंट लॉकिंग (एकजण नोंद बदलत असताना इतरांना ती बदलू न देणे) सुरू करावे, त्यासाठी डेटाबेसला प्रशासकीय सर्व्हर (लॉकचा हिशेब ठेवणारा सर्व्हर) नेमलेला असणे आवश्यक आहे.