इनडायरेक्ट बाँडिंग: ट्रे काढताना ब्रॅकेटही निघून येतात, सल्ला हवा

प्राजक्ता_ऑर्थो
नमस्कार. ऑर्थोच्या (वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शाखेच्या) शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच एकटीने दोन्ही जबड्यांचं इनडायरेक्ट बाँडिंग केलं, म्हणजे ब्रॅकेट (तार धरणारे छोटे तुकडे) आधी दातांच्या मॉडेलवर लावून मग ट्रेने एकदम तोंडात दातांवर चिकटवले. मॉडेलवर दोन संध्याकाळी बसून प्रत्येक दाताचा अक्ष आखला, उंची मोजून ब्रॅकेट लावले. ट्रे पुटीचा (मळून दाबायचं अपारदर्शक सिलिकॉन), म्हणून चिकटवायचं रेझिन केमिकल क्युअर, म्हणजे प्रकाशाशिवाय आपोआप कडक होणारं. एचिंग (रेझिन धरावं म्हणून दात खरखरीत करणं) ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडने ३० सेकंद, दात खडूसारखे पांढरे दिसत होते. वरचा जबडा छान झाला. खालचा ट्रे सोलला तर पाच ब्रॅकेट ट्रेमध्येच अडकलेले! पेशंट इतका वेळ तोंड उघडं ठेवून थकली होती, शेवटी ते पाच अंदाजाने थेट लावले. फार वाईट वाटलं. चूक नेमकी कुठे शोधू?

तारकाम
निघालेले ब्रॅकेट जपून ठेवले असतील तर उत्तर त्यांच्या पाठीवर आहे. भिंगाखाली बघा. पाठीवरचा कॉम्पोझिटचा (मॉडेलवर कडक झालेल्या रेझिनचा) बेस गुळगुळीत, कोरा दिसतोय आणि नवीन रेझिन दातावर राहिलंय? मग रेझिन बेसला धरलंच नाही. जवळजवळ नेहमी मॉडेलवरच्या सेपरेटिंग मीडियमची (ब्रॅकेट मॉडेलला कायमचे चिकटू नयेत म्हणून लावतात त्या लेपाची) साय बेसवर राहिलेली असते. उलट नवीन रेझिन बेसवर आणि दात स्वच्छ, तर दोष दाताकडचा, म्हणजे ओल किंवा एचिंग. रेझिन दोन्हीकडे मऊ, चिकट असेल तर ते पुरतं सेटच झालं नव्हतं.

१९७९ साली थॉमस यांनी मांडलेल्या पद्धतीत कॉम्पोझिट मॉडेलवरच कडक होतं आणि प्रत्येक दाताच्या आकाराचा बेस तयार होतो. पद्धतीचं बळ त्यात आहे आणि नाजूक जागाही तीच. मी ट्रे पाण्यात भिजवून मॉडेलवरून काढल्यावर बेसवर ५० मायक्रॉन अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पुडीचा अगदी हलका फवारा देतो, फक्त चकाकी जाईपर्यंत. जास्त मारलंत तर बेसचा आकारच झिजेल. मग धुऊन पूर्ण सुकवायचं, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही.

शांत_संध्या
तारकाम सरांशी सहमत, पण पाचही खालचेच म्हटल्यावर मला आधी लाळ आठवली. खालच्या प्रीमोलरच्या (सुळ्यामागच्या उपदाढांच्या) हिरडीलगत ओल चढायला काही क्षण पुरतात, आणि खडूसारखा पांढरा दात लाळ लागल्यावर परत धुऊन सुकवला तरी तसाच पांढरा दिसू शकतो, म्हणून फसायला होतं. लाळ लागली की पुन्हा एच करायचं, तिथे घाई नको. अख्ख्या जबड्याचा एकच ट्रे करण्याचा हट्टही सोडा. मध्यरेषेवर कापून डावा-उजवा वेगळा केला की एका वेळी निम्मेच दात कोरडे ठेवायचे असतात.

दुसरं, ब्रॅकेटच्या हुकांखाली पुटी शिरून घट्ट बसते आणि ट्रे निघताना ब्रॅकेटला ओढते. पुटी दाबण्याआधी हुकांखालची पोकळी मेणाने भरा. ट्रे सोलताना जिभेकडून सुरुवात करून गालाकडे गुंडाळत आणायचा. सरळ वर उपटायचा नाही.

नवा_मोहर
आम्ही आता पारदर्शक सिलिकॉनवर आलोय. लाइट क्युअर (दिव्याच्या प्रकाशाने कडक होणारं रेझिन) चालतं, त्यामुळे ट्रे नीट बसलाय याची खात्री करायला वेळ मिळतो. स्कॅन करून प्रिंट केलेले ट्रेही वापरून पाहिले. सोय आहे, पण त्यात थेट ब्रॅकेट बसवतो तेव्हा तयार बेस नसतो, मधली फट रेझिननेच भरायची. कमी पडलं तर पोकळी, जास्त झालं तर हिरडीपाशी थर साचतो आणि तिथे प्लाक धरतो. शिकताना आधी मॉडेलवरच हात बसवा.

प्राजक्ता_ऑर्थो
आज भिंगाखाली पाहिले. पाचपैकी चार बेस कोरे, चकचकीत! फक्त दाढेच्या ट्यूबवर (दाढेला ब्रॅकेटऐवजी लावतात त्या नळीवर) रेझिन आहे आणि तिथे दात स्वच्छ होता. म्हणजे दोन्ही दोष निघाले. मीडियमचे हात जाड दिले होते आणि सुकायला थांबले नव्हते. तुमच्यामुळे नुसती हळहळ करत बसायची वेळ टळली. अजून एक विचारते, थेट लावलेले पाच पुन्हा मोजले, त्यातला एक हिरडीकडे सरकलाय. तो आत्ताच बदलू का?

तारकाम
पहिली वायर अजून बारीक आणि लवचिक असेल, तोवरच बदला. जुना ट्रे आहे ना? त्यातून त्या दाताचा आणि शेजारच्या दोन दातांचा तुकडा कापून घ्या. शेजारचे दात हललेले नसतील तर तो अजून नीट बसेल, आणि मॉडेलवर मोजलेली जागा जशीच्या तशी मिळेल.